साथीच्या काळातील विलगीकरण: नियम कोण करतो, मुदत कशावरून ठरते आणि सोसायटीचा अधिकार किती?

प्रश्न: पाथर्डी फाटा, नाशिक

नमस्कार. नवीन नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ आमची २४ सदनिकांची सोसायटी आहे आणि गेली काही वर्षे मी तिची सचिव आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी एका सभासदाने ठराव दिला आहे. पुन्हा साथ आल्यास ज्या घरात रुग्ण निघेल त्या घरातील कोणीही २१ दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नये, दारावर तशी सूचना लावावी, धुणीभांडी करणाऱ्या बायकांना फाटकातून आत सोडू नये आणि नियम मोडणाऱ्यास दंड करावा, असे त्यात आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात लाखो भाविक येतील, तेव्हा तयारी आधीच असावी, असे त्यांचे म्हणणे आहे. तयारी असावी हे मलाही मान्य आहे. मात्र या ठरावाला माझा विरोध आहे आणि तो नुसत्या भावनेवर उभा राहू नये, म्हणून येथे विचारते आहे.

विरोधामागचे कारण आधी सांगते. २०२० च्या जुलैमध्ये आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ बाधित निघाले आणि त्यांना कोविड केअर सेंटरमध्ये नेण्यात आले. घरात मागे राहिल्या त्यांच्या सत्तरी ओलांडलेल्या आई आणि शाळकरी मुलगी. समितीने त्यांच्या दारावर लाल शाईत लिहिलेला कागद चिकटवला आणि त्याखाली सचिव म्हणून माझी सही होती. दूधवाल्याला जिना चढायला आम्हीच मनाई केली. आजी गॅलरीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली सोडत, तिच्यात सुटे पैसे ठेवलेले असत, आणि पहिले दोन दिवस ती पिशवी जशी खाली आली तशीच वर गेली. चौथ्या मजल्यावरून मी ते पाहत होते. तिसऱ्या दिवशी खाली उतरून मी तिच्यात दूध ठेवले, पण त्या दोन दिवसांची बोच अजून गेलेली नाही.

जाणकारांनी कृपया तीन गोष्टी सांगाव्यात. विलगीकरण आणि अलगीकरण हे शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो. त्यांत नेमका फरक काय? चौदा, सतरा, दहा, सात असे दिवस सारखे बदलत गेले, ते कशाच्या आधारावर? आणि असे नियम करण्याचा किंवा दारावर कागद लावण्याचा अधिकार सोसायटीला होता का, आणि यापुढे असेल का?

उत्तर: निवृत्त आरोग्य निरीक्षक, नाशिकरोड

आपल्या पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो; कायद्याचे कोणी वकीलमंडळी सांगतील.

ज्याला रोग झालेला आहे त्याला निरोगी माणसांपासून वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. ज्याला रोग झालेला नाही, किंवा झाला आहे की नाही हे अजून कळलेले नाही, पण जो रुग्णाच्या निकट सहवासात आला होता, त्याला काही दिवस वेगळे ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवणे म्हणजे अलगीकरण, ज्याला सगळे क्वारंटाइन म्हणत होते. आपल्या इमारतीतील गृहस्थांचे विलगीकरण झाले होते. आजी आणि नात अलगीकरणात होत्या. सरकारी कागदांतही या दोन शब्दांची अदलाबदल होत असे, हे कबूल केले पाहिजे. पण फरक महत्त्वाचा आहे, कारण दोहोंची मुदत वेगवेगळ्या गोष्टींवरून मोजली जाते.

अलगीकरणाची मुदत ठरते ती रोगाच्या अधिशयन काळावरून, म्हणजे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळावरून. कोविडच्या बाबतीत हा काळ सर्वसाधारणपणे पाच-सहा दिवसांचा आणि जास्तीत जास्त सुमारे १४ दिवसांचा धरला गेला. शेवटच्या संपर्कापासून १४ दिवस लक्षणाविना गेले, तर त्या माणसाकडून धोका जवळजवळ संपला, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. विलगीकरणाची मुदत मात्र रुग्ण इतरांना किती दिवस संसर्ग देऊ शकतो यावर असते, आणि हे ज्ञान साथ सुरू झाली तेव्हा कोणाकडेही पुरेसे नव्हते. सुरुवातीला प्रत्येक बाधिताला रुग्णालयात किंवा केंद्रात ठेवले जात होते. २७ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अतिसौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरी राहण्याची मुभा दिली. १० मेच्या सूचनेत लक्षणे सुरू झाल्यापासून १७ दिवस आणि त्यांतील शेवटचे १० दिवस तापाविना, अशी अट होती. २ जुलैला ती १० दिवस आणि त्यांतील ३ दिवस तापाविना अशी झाली व पुढचे ७ दिवस घरीच राहून स्वतःकडे लक्ष ठेवण्याचा सल्ला जोडला गेला. ओमायक्रॉनच्या लाटेत, ५ जानेवारी २०२२ रोजी, चाचणी बाधित आल्यापासून किमान ७ दिवस आणि सलग ३ दिवस ताप नको, इथवर नियम आला. सौम्य रुग्णाकडून होणारा संसर्ग पहिल्या दहा दिवसांनंतर क्वचितच आढळतो, हे हळूहळू स्पष्ट होत गेले, तसतसे दिवस कमी झाले. लोकांना वाटले की सरकारलाच काही कळत नाही. खरे तर कळत गेले तसा नियम बदलला, पण तो का बदलला हे आम्ही दारोदार जाऊन नीट सांगितले नाही. हा दोष आमचा.

आपल्या सभासदांचे २१ दिवस कोविडच्या कोणत्याही मुदतीत बसत नाहीत. बहुधा मार्च २०२० च्या पहिल्या टाळेबंदीचा २१ चा आकडा त्यांच्या डोक्यात राहिला असावा. पुढची साथ कोणत्या रोगाची असेल हे आज कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे आकडा आताच लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट, जी कागदावर कोठे सापडणार नाही. मार्च २०२० च्या मध्यापासून परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला सुरुवात झाली; मतदानाला वापरतात तशी न पुसणारी शाई असे. शिक्का असलेला हात बाहीत लपवून किंवा खिशात घालून फिरणारी माणसे मी पाहिली आहेत. पुढे संपर्कातील व्यक्तींची यादी करायला आम्ही जायचो, तेव्हा लोक नावे दडवायचे. त्यांत बेफिकीर असलेले थोडे होते. बाकीच्यांना भीती वाटे की नाव दिले तर त्या माणसाला रात्री गाडीत घालून नेतील, गल्लीला बांबू बांधतील, आणि उद्या तो आपल्याशी बोलणार नाही. सातपूरकडच्या एका घरी मी पाऊण तास दारात उभा होतो. घरातील बाई एकच विचारत होत्या, ‘नेलं तर माझ्या म्हशीला चारा कोण घालणार?’ शेजारच्या मुलाने ती जबाबदारी घेतली, आणि त्यानंतर पाच मिनिटांत त्यांनी अकरा नावे सांगितली. नोकरीची इतकी वर्षे गेली, पण संपर्कशोधाचे काम कशावर चालते हे मला त्या दारात कळले.

उत्तर: वकील, नाशिक

कायद्याची बाजू शक्य तेवढी सरळ मांडतो.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय आहे (नोंद ६). बंदरांवरील क्वारंटाइन आणि आंतरराज्य क्वारंटाइन केंद्राकडे आहेत, तर संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू नये यासाठीची तरतूद समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांच्याही अखत्यारीतील विषयांत, आहे. त्यामुळे २०२० मध्ये दोन कायदे बरोबरीने चालले. साथरोग अधिनियम, १८९७ हा अवघ्या चार-पाच कलमांचा कायदा असून मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी तो घाईने केलेला होता. महाराष्ट्राने तो १३ मार्च २०२० रोजी लागू केला आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र कोविड-१९ उपाययोजना नियम, २०२० काढले, ज्यांनी जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांना आपापल्या क्षेत्रात अधिकार दिले. दुसरा, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. देशव्यापी टाळेबंदी याच्या आधारे झाली, आणि जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात.

आता सोसायटी. वरील साखळीत गृहनिर्माण संस्था कोठेही येत नाही. कोणाला घरात थांबण्यास भाग पाडणे ही व्यक्तिस्वातंत्र्यावरची मर्यादा आहे, ती कायद्याने आणि कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यानेच घालता येते. सभेत हात वर करून बहुमताने ती घालता येत नाही. उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमावलीत, दुरुस्ती केली, तरी सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे निबंधकांकडे तिची नोंदणी झाल्याशिवाय ती अमलात येत नाही. दंडाचेही तेच, कारण ज्या नियमासाठी दंड करायचा तो नियम मुळात कायदेशीर असावा लागतो. शिवाय १८९७ च्या अधिनियमाचे कलम ४ सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते, पण ते त्या कायद्याखाली केलेल्या कृतीला. समितीने आपल्या मनाने केलेल्या कृतीला ते संरक्षण लागू होईल असे समजू नये.

दारावरच्या कागदाबाबत तर थेट निर्णय आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी स्पष्ट केले की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याने विशिष्ट प्रकरणात आदेश दिल्याखेरीज कोविड रुग्णांच्या घराबाहेर फलक लावता येणार नाहीत. केंद्र सरकारनेही तेथे सांगितले होते की, असे फलक लावण्याची सूचना त्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांत कधीच नव्हती. आपण जुलैमध्ये लावलेला कागद या निकालाच्या आधीचा आहे. तेव्हा बहुतेक ठिकाणी तसेच चालले होते, म्हणून आपण एकट्याने त्याचा भार घेऊ नये.

याचा अर्थ नियम मोडणाऱ्याला मोकळे रान आहे, असा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. हलगर्जीने जीवघेणा संसर्ग पसरवण्यासारखे कृत्य केल्यास कलम २७१ खाली सहा महिन्यांपर्यंत, तेच द्वेषबुद्धीने केल्यास कलम २७२ खाली दोन वर्षांपर्यंत आणि शासनाचा क्वारंटाइनचा नियम जाणूनबुजून मोडल्यास कलम २७३ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. जुन्या दंड संहितेतील २६९, २७० आणि २७१ ही ती कलमे. कोणी आदेश धुडकावत असेल, तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला किंवा पोलिसांना कळवणे एवढेच सोसायटीचे काम आहे.

प्रतिसाद: गंगापूर रोड, नाशिक

वरील दोन्ही उत्तरे वाचली. कायदा असेल तसा असेल, पण सक्तीची बाजूही कोणीतरी मांडली पाहिजे, म्हणून लिहितो आहे. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या शेजारच्या कुटुंबात दोघांना ताप होता. चाचणी केली तर घर बंद होईल म्हणून त्यांनी ती केली नाही आणि एका घरगुती कार्यक्रमाला ते आले. माझे वडील त्यानंतर नवव्या दिवशी रुग्णालयात दाखल झाले आणि परत आले नाहीत. खाटेसाठी आणि प्राणवायूसाठी आम्ही त्या आठवड्यात जी धावाधाव केली ती या शहरात अनेकांनी केली आहे. मे २०२१ मध्ये राज्य शासनाने १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून रुग्णांना केंद्रात हलवण्याचा निर्णय घेतला, तो घरी ठेवलेले रुग्ण नियम पाळत नाहीत म्हणूनच ना? सगळ्यांच्या समजूतदारपणावर विसंबून राहिलो, तर त्याची किंमत तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते. आपल्या मसुद्यात या तिसऱ्या माणसाचा विचार असू द्या.

प्रतिसाद: निवृत्त आरोग्य निरीक्षक, नाशिकरोड

आपल्या वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटले. आपले म्हणणे मी बाजूला सारत नाही. गृहविलगीकरण हे ज्याच्या घरी वेगळी खोली, वेगळे स्वच्छतागृह आणि काळजी घेणारे माणूस आहे त्याच्यासाठीच होते. या अटी न तपासता सरसकट परवानगी दिली गेली तेथे घरेच्या घरे बाधित झाली, आणि अशा ठिकाणी केंद्रात हलवणे योग्यच होते. पण आपल्याच लिहिण्यात एक वाक्य आहे: चाचणी केली तर घर बंद होईल म्हणून त्यांनी ती केली नाही. रुग्ण म्हणून नोंद झालेल्यावर सक्ती करता येते. जो नोंदच होऊ देत नाही त्याच्यापर्यंत सक्ती पोहोचत नाही. सोसायटीने दंड लावला की लपवण्याचे कारण आणखी एकाने वाढते. माझी काळजी तेवढीच आहे.

उत्तर: अंबड, नाशिक

मी औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहे. अलगीकरण आतून कसे असते ते थोडे लिहितो, कारण वरची चर्चा ज्यांच्या घरात खोल्या आहेत त्यांच्याविषयी चालली आहे.

ऑगस्ट २०२० मध्ये माझ्या शेजारी मशीनवर काम करणारा सहकारी बाधित निघाला आणि आम्हा सहा जणांना घरी थांबायला सांगितले. घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली, त्यात आम्ही पाच जण; नळ आणि शौचालय चाळीत सामायिक. वेगळ्या खोलीत राहा, असे त्या छापील कागदावर लिहिलेले होते. मी पलंगाभोवती बायकोच्या जुन्या साडीचा पडदा बांधला आणि त्याला खोली मानले. रात्री सगळे झोपल्यावर शौचालयाला जात असे आणि परत येताना कडीला, नळाला साबणाचे पाणी लावत असे. चौदा दिवसांत मला काहीही झाले नाही. पगार मात्र चौदा दिवसांचा कापला गेला. राज्य कामगार विम्यात आजारपणाच्या रजेसाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, पण त्यासाठी आजाराचे प्रमाणपत्र लागते, आणि मी आजारी नव्हतो. जो रोगी आहे त्याला थोडा आधार होता. जो रोगी नसताना दुसऱ्यांसाठी घरात बसला, त्याच्यासाठी काहीच नव्हते. पुढच्या महिन्यात आमच्या खात्यात एकाला ताप आला, तेव्हा तो गोळी घेऊन कामावर आला. त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलली नाही.

आशाताई रोज सकाळी दारात उभ्या राहून ताप आणि बोटाला लावायच्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा विचारून जात. ९४ च्या खाली गेला तर लगेच फोन करा, असे बजावत. एवढे एक माणूस रोज येते, यानेच धीर राहिला. आपल्या सोसायटीत येणाऱ्या धुणीभांडीवाल्या बायका आमच्याच वस्तीतील आहेत. त्यांना फाटकाबाहेर थांबवायचे असेल, तर तेवढ्या दिवसांचा पगार देणार का, हेही ठरावात लिहा, ही विनंती.

प्रतिसाद: पंचवटी, नाशिक

एक जुना संदर्भ देतो, तो आपल्या ठरावाशी जोडलेला आहे. प्लेगच्या काळात पुण्यात गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या घेऊन, रुग्ण आणि नातलग सक्तीने छावण्यांत हलवले गेले. त्याचा संताप इतका होता की २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगने १० मार्च १८९७ रोजी वारल्या. आपल्या जिल्ह्यातही प्लेगने घरे रिकामी केली. भगूरच्या सावरकर कुटुंबातील वडील आणि काका १८९९ मध्ये त्यानेच गेले. माझ्या पणजीच्या तोंडची एक आठवण घरात सांगितली जाते: उंदीर पडू लागले की अख्खे गाव रानात झोपड्या घालून राहायला जाई आणि पाऊस लागेपर्यंत परतत नसे.

प्लेगला हा उपाय लागू पडे, कारण रोग उंदरांवरच्या पिसवांतून येई आणि उंदीर गावातच राहत. कोविडमध्ये रोग माणसाच्या श्वासाबरोबर चालत होता, म्हणून गाव सोडून उपयोग नव्हता, माणसामाणसांत अंतर हवे होते. पटकीला पाणी सांभाळावे लागते, आणि सिंहस्थासारख्या गर्दीत आधी धास्ती असते ती पाण्याचीच. निरीक्षक साहेबांनी आकडा आधी लिहू नका म्हटले, त्याला माझा दुजोरा. रोग कोणता हे कळेपर्यंत उपायही लिहिता येत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: पाथर्डी फाटा, नाशिक

सर्वांची मनापासून आभारी आहे. आपण लिहिलेले तीनदा वाचले आणि काल रात्री बसून पर्यायी ठरावाचा मसुदा केला.

त्यात दिवसांचा आकडा नाही. साथ जाहीर झाल्यास महापालिका आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांचा जो आदेश असेल तोच सोसायटीला लागू राहील, समिती स्वतःचा नियम करणार नाही आणि कोणाच्या दारावर काही लावणार नाही, हे पहिले कलम. ज्या घरावर विलगीकरण किंवा अलगीकरण येईल त्या घरासाठी त्याच दिवशी दोन सभासद नेमले जातील. दूध, औषधे, भाजी दारापर्यंत पोहोचवणे, कचऱ्याची पिशवी वेगळी उचलण्याची व्यवस्था करणे आणि दिवसातून दोनदा फोन करणे ही त्यांची जबाबदारी. कामाला येणाऱ्या बायकांना ज्या दिवसांसाठी येऊ नका म्हटले जाईल त्या दिवसांचा पगार देण्याचे सभासदांकडून लेखी घेतले जाईल. हे कलम वादाचे ठरेल याची मला कल्पना आहे, पण ते मी काढणार नाही. गंगापूर रोडवरील बंधूंनी लिहिलेल्या तिसऱ्या माणसासाठीही एक कलम आहे. घरात ताप असताना कोणी सामायिक कार्यक्रमाला येऊ नये, अशी विनंती आधीच सर्वांना कळवली जाईल, आणि सरकारी आदेश उघडपणे मोडला जात असेल तर सचिवाने विभागीय कार्यालयाला लेखी कळवलेच पाहिजे, शेजारधर्म म्हणून गप्प बसू नये.

वकील साहेबांना एवढेच विचारायचे आहे की, हा ठराव उपविधीत न घालता सभेचा साधा ठराव म्हणून ठेवला तर चालेल का?

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी अजून तेथेच राहतात. त्या दाराच्या वरच्या चौकटीवर चिकटपट्टीचे दोन चौकोनी डाग आहेत, रंग दिला तरी ते उठून दिसतात. मसुदा सभेपुढे ठेवण्याआधी रविवारी सकाळी मी तो त्यांना वाचून दाखवणार आहे.

प्रतिसाद: वकील, नाशिक

चालेल. यात कोणाच्या हक्कावर मर्यादा नाही, सभासदांनी स्वतःवर घेतलेली जबाबदारी आहे, त्यामुळे साधा ठराव पुरेसा आहे. फक्त पगाराच्या कलमात ‘सभासदांनी द्यावा’ ऐवजी ‘देण्याचे मान्य केलेल्या सभासदांनी द्यावा’ असे शब्द ठेवा आणि त्या सभासदांच्या सह्या त्याच सभेत घ्या.